फॉर्ममधले बाबा

जाफराबादच्या स्टँडजवळच्या त्या सेवा केंद्रात मी गेले ती नाइलाजानं. नेहमीच्या केंद्राचा सर्व्हर बंद, अन् पुण्याच्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीची तारीख त्याच दिवशी संपत होती. एमबीएला नंबर लागला होता. पण शिष्यवृत्ती मिळाली तरच पुणे, नाहीतर आपलं घर अन् आपण. बाहेर पाऊस. मी दारात ओढणी पिळली तर केंद्र चालवणारा राजानंद खुर्चीवरूनच म्हणतो कसा—

"पिळा निवांत, मॅडम. कीबोर्ड तेवढा वाचवा."

मला हसू आलं. मी कागद पुढे केला. ट्रस्टवाल्यांना रडकी कहाणी लागते, असं मैत्रिणीनं, पायलनं, सांगितलं होतं. तिला गेल्या वर्षी तशीच मिळाली. म्हणून मी लिहिलं होतं: माझे वडील दारू पितात, कमाई उडवतात, माझ्या शिक्षणाला त्यांचा विरोध आहे.

टाइप करता करता त्याची बोटं थांबली. तातेराव काकांची मुलगी ना तुम्ही, एवढंच त्यानं विचारलं. मी मान खाली घातली. बाबा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल आहेत. दर पौर्णिमेला विहारात साऱ्या वस्तीकडून पंचशील तेच म्हणून घेतात, अन् दारूला शिवणार नाही हे त्यातलंच एक शील. जनाची नाही, पण मनाची तरी लाज वाटायला हवी होती मला.

प्रिंट निघाली तेवढ्यात बाबाच आले, पालकाची सही करायला. त्यांचा चष्मा कालच पोत्याखाली सापडून फुटला होता.

"राजा, वाचून दाखव बरं. कशावर सही करून राह्यलो, कळू दे."

मी प्रिंट ओढून घ्यायला हात पुढे केला. राजानंद मात्र शांतपणे वाचू लागला. "माझे वडील दिवसभर पोती उचलतात. माझ्या अभ्यासासाठी पहाटे उठून चहा तेच करतात. माझी परीक्षा असली की विहारात एक मेणबत्ती जास्त लावतात... अन् विचारलं तर न्हाई म्हणतात."

यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. बाबांनी डोळे पुसले, लई चांगलं लिवलं म्हणाले, सही केली अन् कामावर गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी तिथंच रडले.

"मेणबत्तीचं... तुम्हाला कसं ठाऊक?"

"दर पौर्णिमेला तुमच्या मागंच बसतो की. तुम्ही कधी वळून पाह्यलं न्हाई, त्याला मी काय करू?"

बाबांची सही असलेला तो कागद मी फाडला. नवा लिहा म्हटलं, सही मी बाबांना सगळं सांगून आणते. शिष्यवृत्ती हुकेल, तो म्हणाला. हुकू दे, मी म्हटलं.

"मंग सांगा, एमबीए कशापायी?"

"जिथं मला कुणी हमालाची पोर म्हणणार नाही, तिथं जायचं होतं... लाज वाटायची मला. हेच लिहा."

वर न बघता त्यानं लिहिलं. "आणखी काही?"

"तुम्ही मला आवडलात... पण हे लिहू नका."

त्याचे कान लाल झाले. "न्हाई लिहीत. पण पहिले काकांकडं जा. पाचला साइट बंद होते."

मोंढ्याच्या फाटकातून मी आजवर एकदाही आत गेले नव्हते. कुणी बघेल म्हणून रस्ता बदलायचे. त्या दुपारी आत गेले, अन् पाठीवर पोतं घेतलेल्या माणसाला साऱ्या हमालांसमोर "बाबा" म्हणून हाक मारली.