दादाला ऐकू आलेली लहर

भूतबित मी मानत नाही. रसायनशास्त्रात पदवी घेतली आहे. तरीही हे खरं आहे. आणि रात्री नाही, भर दुपारी घडलं. आमच्या मागच्या खोलीत.

बाटल्या भरायच्या कारखान्यात मी तपासणीचं काम करते. तिथे एकदा कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह उडाला. तेव्हापासून डाव्या कानात बारीक शिट्टी. अखंड.

साहेब म्हणाले, "कानात बोळे घातले होते का? नाही ना? मग झालं तर."

डॉक्टर म्हणाले, "आवाज बाहेर कुठेच नाही. तुमचा मेंदूच तो तयार करतो. सवय करून घ्या."

घेतली.

पण पहाटेची पाळी संपवून दुपारी झोपले, की मध्येच डोळे उघडायचे आणि अंग हलायचं नाही. ओरडावं तर जीभ जड.

आणि कानातली शिट्टी…

बंद.

त्या शांततेत पायाशी गादी हळूच खचायची. कुणी बसल्यासारखी.

"मेंदू जागा होतो, स्नायू झोपलेलेच राहतात," मी आईला समजावलं. "बाकी सगळं स्वप्न."

"एवढं कळतं, तर दार सताड उघडं टाकून का झोपतेस?"

झोपेची धास्तीच बसली. कामावर डुलक्या येऊ लागल्या. आणखी एक डुलकी दिसली तर घरी बसा, असं साहेबांनी सुनावलं. म्हणून आईने दादाला बोलावलं.

दादा पियानो सुरात लावतो. दोन सूर अगदी जवळ आले की वां… वां… अशी लहर उठते. ती विरली की सूर जुळला. त्या लहरीवर त्याचं पोट चालतं.

"तुझ्या शिट्टीचा सूर शोधू," तो पलंगावर बसत म्हणाला. "तोच बारीक वाजत ठेवला, की शिट्टी त्यात बुडेल. मग खुशाल घोरत पड."

फोनवर तो एकेक सूर वाजवत गेला. मी सांगत होते, "वर… अजून थोडा वर…"

त्याचा अंगठा थांबला.

"लहर येतेय."

"हो, मला पण वाटलं, जवळ आ—"

"तुझं नाही गं. मला येतेय."

मी हसले. "तुला कशी येईल? शिट्टी माझ्या डोक्यात आहे."

पण लहरीला दोन सूर लागतात. खरे. हवेतले.

त्याने फोन बंद केला. माझ्या कानाशी कान आणला.

"काही कानांतून खरंच आवाज निघतो," मी घाईघाईने म्हणाले. "पुस्तकात आहे."

त्याचा कान माझ्यापासून दूर सरकला… खांद्यामागे… उशीच्या वर. तिथे काहीच नव्हतं.

"इथे मोठा आहे," तो कुजबुजला.

आणि माझी शिट्टी थांबली.

मी बोटं हलवून पाहिली. हलत होती. मी पूर्ण जागी होते.

दादा हलत नव्हता.

डोळे उघडे. जबडा घट्ट. आणि त्याच्या शेजारी गादी… खचलेली.

बऱ्याच वेळाने त्याने मोठा श्वास घेतला. चपला घातल्या आणि निघून गेला.

तेव्हापासून मला गाढ झोप लागते. साहेब खूश आहेत.

दादाने कामं घेणं बंद केलंय. कुठलाही सूर लावला तरी लहर विरतच नाही, म्हणतो. रोज फोन करतो. "छोटे, ये ना एकदा. नुसता कानाशी कान लाव."

आई म्हणते, "जा की गं. तुझ्यासाठी धावत आला होता तो."

मी सांगते, साहेब सुट्टी देत नाहीत.

सुट्टी मी अजून मागितलेलीच नाही.