आठव्या कोपऱ्याची धार

आठ कोपऱ्यांना चॅम्फर दिले होते आणि स्क्रीनवर सातच दिसत होते. मोजताना माझंच चुकलं असेल, असं वाटलं. मला नेहमी असंच वाटतं.

शुक्रवार होता, दुपारचे तीन. जर्मनीतल्या बोब्लिंगेनमधलं आमचं ऑफिस शुक्रवारी एक वाजताच रिकामं होतं. बाहेर धुकं. आत हीटरची टकटक आणि कुणाच्या तरी कपात राहिलेल्या कॉफीचा आंबूस वास.

मशीनच्या झाकणाचं हे मॉडेल माझंच. चॅम्फर म्हणजे कोपऱ्याची धार तिरकी छाटायची. एक मिलिमीटर. माणसाचा हात कापू नये, एवढ्यासाठी. सप्टेंबरात माझे टीम लीड देवदत्तदादा म्हणाले, "सिम्युलेशन लवकर संपू दे, चॅम्फर तात्पुरते बंद कर." मी केले. परत चालू करायचे राहिले आणि झाकण तसंच बनून आलं. ते बसवताना आमचे म्हातारे फिटर केसलर यांचा हात निसटला. मनगटाची शीर... तिसऱ्या दिवशी ते गेले.

सोमवारी चौकशी होती.

"जुन्या फाइलमध्ये चॅम्फर टाक, तारखेचं मी बघतो," दादा सकाळी म्हणाले होते. "ड्रॉइंग बरोबर होतं, धार वर्कशॉपने ठेवली. संपलं."

"पण दादा, वर्कशॉप म्हणजे... केसलरच ना?"

"गेनाऊ, अगदी तेच. त्यांना आता कोण विचारायला जाणार? तुझी प्रोबेत्साइट संपून नोकरी पक्की व्हायला तीन आठवडे राहिलेत. तत्त्वंच पाळायची असतील तर पुण्याचं विमान रोज असतं."

मी विमान धरलं नाही. माउस धरला.

आठवा कोपरा पुन्हा निवडला. एक मिलिमीटर, ओके. कड तिरकी झाली आणि माझ्या डोळ्यांदेखत परत टोकदार झाली. एरर नाही, काही नाही. दोन मिलिमीटर दिले. पाच दिले. दर वेळी ती जराशी थांबायची... कुणीतरी विचार करत असल्यासारखी... आणि धार परत यायची. डावीकडचा खालचा कोपरा. केसलरांचा हात लागला तोच.

मग वास आला. ओल्या लोखंडाचा, अगदी जवळून.

मी माउसवरचा हात काढून घेतला. आता उरलेले सात कोपरेही टोकदार होऊ लागले. एकेक करून, ओळीने, सावकाश. कुणाला कसलीच घाई नव्हती.

सेव्ह न करता मी फाइल बंद केली. दादांना फोन लावला. हे मी करणार नाही, एवढंच सांगायचं होतं. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा खूप वेळाने कुणीतरी उचलला.

"दादा... मी ऊर्जा."

पलीकडे आधी नुसता श्वास. मग एक म्हातारा, दमलेला आवाज जर्मनमध्ये, समजुतीच्या सुरात म्हणाला,

"देवदत्तला आत्ता फोन घेता येणार नाही, ऊर्जा. त्याचा हात माझ्या हातात आहे."