खिडकीतला दुसरा माणूस

"अहो, जरा खाली बघा... तुम्ही माझ्या लिंबांवर उभ्या आहात!"

ती दचकली. नेटवर्कच्या शोधात, लॅपटॉप डोक्यावर धरून, ती थेट एका रोपवाटिकेत शिरली होती. पायाखाली बोटभर उंचीची रोपं, आणि समोर कातरी घेऊन उकिडवा बसलेला एक तरुण. केसांवर फवाऱ्याचे थेंब. डोळ्यांत राग होता म्हणावं, तर ओठ हसत होते.

"सॉरी हं! पण नेट फक्त इथेच येतंय."

"लिंबंही फक्त इथेच येतायत. उजवा पाय उचला... अहं, तिकडे नको, तिकडे मिरच्या आहेत!"

शेवटी त्यानेच हात पुढे केला. तिने तो धरला आणि वाफ्याबाहेर आल्यावरही सोडायचं विसरली. त्यानेही आठवण करून दिली नाही.

रोपवाटिकेला लागूनच एक खोली रिकामी होती. ती तिने दुसऱ्याच दिवशी भाड्याने घेतली. नेटसाठी, असं तिने स्वतःला बजावलं.

शहरातली नोकरी सुटल्यावर ती हट्टाने या आडगावात आली होती. स्वस्तात राहायचं, घरबसल्या कॉम्प्युटरवरचं मिळेल ते काम करायचं आणि कुणाची मिंधी व्हायचं नाही, असा तिचा साधा बेत होता. बाबांना हे खूळ वाटत होतं. त्यांनी मित्राच्या ऑफिसात तिच्यासाठी खुर्ची बघून ठेवली होती. काम नाही मिळालं तर मुकाट्याने परत यायचं, असं तिने त्यांना कबूल केलं होतं.

आणि काम मिळाल्यातच जमा होतं! एका कंपनीने तिला आठवडाभर परीक्षेवर घेतलं होतं. लोकांच्या ॲपमधल्या चुका शोधून कळवायच्या. पगार ऐकून शहरातल्या मैत्रिणी खो खो हसल्या असत्या, पण इथे तेवढ्यात आरामात भागणार होतं. फक्त घरून काम करणाऱ्यावर नजर ठेवायला कंपनीने एक प्रोग्राम दिला होता. तो मधूनमधून आपोआप फोटो काढायचा. स्क्रीनचा असेल, असं समजून ती निर्धास्त होती.

रोपवाला मात्र रोज काहीतरी निमित्त काढून खिडकीशी यायचा.

"चुका शोधण्याचे पैसे देतात तुम्हाला?"

"हो. तुमच्याही शोधू?"

"शोधा की. वेळ लागेल पण... बरेच दिवस राहावं लागेल तुम्हाला."

ती हसून स्क्रीनकडे वळायची आणि तीच ओळ पुन्हा वाचत बसायची.

आठवडा संपला. कंपनीच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर आल्या, त्या गंभीर चेहऱ्यानेच.

"काम उत्तम आहे तुमचं. पण खरं सांगा, हे काम एकटीने केलंत का?"

"म्हणजे?"

मॅडमनी स्क्रीनवर फोटो लावले. फोटो स्क्रीनचे नव्हतेच, तिचे होते! पुढे ती, मागे खिडकी आणि खिडकीत रोपवाला. एकात हातात लिंबाचं कलम, एकात पाण्याची नळी, एकात काहीच नाही. नजर प्रत्येक फोटोत एकाच जागी. दुसऱ्यांच्या चुका हुडकणाऱ्या या बाईने आपला कॅमेरा एकदाही तपासला नव्हता.

"हे गृहस्थ मागून तुम्हाला सांगत असतात, असं दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "आम्ही एका माणसाला घेतो. दोघांना नाही."

काम हातचं चाललं होतं. तिने मागे वळून हाक मारली. "अहो! इकडे या. आत्ताच्या आत्ता!"

तो कातरीसकट धावत खिडकीशी आला.

"मॅडमना सांगा, तुम्हाला कॉम्प्युटर येतो का?"

"मला? बंदसुद्धा करता येत नाही."

"मग रोज स्क्रीनकडे काय बघत असता?" मॅडमनी विचारलं.

तो गोंधळला. एकदा फोटोंकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. कान लाल झाले.

"स्क्रीनकडे... नव्हतो बघत."

मग मॅडम इतक्या मोकळेपणाने हसल्या, की त्यांचा चष्मा घसरला. "उद्यापासून पक्क्या झालात तुम्ही. आणि यांना म्हणावं, कामाच्या वेळेत जरा कमी बघा."

कॉल संपला. ती आनंदाने उडी मारायची बाकी होती, आणि हा मात्र कातरी चाळवत उभा.

"काम गेलं असतं माझ्यापायी... जावं लागलं असतं ना तुम्हाला?"

"लागलं असतं."

"मग शहरात रोपं विकायला आलो असतो मी."

"तिथे जागा कुठे असते रोपांना?"

"एखादी खिडकी असतेच की."

आता तिलाच राहवेना. बोलायचं ते धडपणे बोलायचं, असा तिचा स्वभाव होता. गेला आठवडाभर ती उगाच गप्प बसली होती.

"ऐक. मी इथेच राहणार आहे. नेटसाठी आले होते, ते खरं. पण राहतेय ती तुझ्यासाठी. आवडतोस तू मला... आता बोल काहीतरी!"

त्याने कातरी खिडकीत ठेवली.

"दार उघड," तो म्हणाला. "खिडकीतून बघून कंटाळलो."