मापाचं जाकीट

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बरं, नाहीतर दातांच्या डॉक्टरची अब्रू त्या सकाळी पार गेली असती.

काउंटरवरची मुलगी मापाचे रबरी मोजे शोधायला माळ्यावर गेली होती. तेवढ्यात या डॉक्टरबाईने मांडणीवरचं एक निळं जाकीट अंगात चढवलं. पाणबुड्यांचं जाकीट ते, आत हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. बाजूला हवेची टाकी उभी होती आणि जाकिटाची नळी तिला जोडलेलीच होती. हिने बकलं लावली, पट्टे आवळले आणि नळीच्या टोकाचं एक बटण सहज दाबून पाहिलं. फुस्स... जाकीट काखेत फुगलं, पोटावर फुगलं, बरगड्यांवर चढलं. घाबरून हिने पुन्हा तेच बटण दाबलं. मग दोन्ही हात बाजूंना ताठ झाले आणि मान आत रुतली.

आवाज ऐकून मागच्या खोलीतून एकजण बाहेर आला. उंच, दंडापर्यंत बाह्या दुमडलेल्या, एका हातात पितळी झडप आणि दुसऱ्या हातात जुना टूथब्रश. तो दुकानाचा कारागीर होता, जाकिटं आणि झडपा दुरुस्त करणारा. तो हसला नाही. हसू दाबतोय हे मात्र स्पष्ट दिसत होतं, आणि तेच जास्त लागलं.

"दुसरं बटण," तो म्हणाला. "अगदी टोकाचं. आणि नळी खांद्याच्या वर धरायची... हवा वरच्याच वाटेने बाहेर जाते."

"हात वर जात नाहीयेत."

"हो, ते दिसतंय."

त्याने झडप खाली ठेवली, तिच्या खांद्याजवळची नळी उचलून धरली आणि बटण दाबलं. हवा लांब सुस्कारा टाकून बाहेर पडली. रबराचा आणि टाल्कम पावडरचा वास आला. इतक्या जवळून तिने लोकांचे फक्त दात पाहिले होते, डोळे क्वचित. याचे डोळे तपकिरी होते आणि त्यांत अजूनही ते दाबलेलं हसू होतं.

या सगळ्या भानगडीच्या मुळाशी तिची आई होती. आई भूगोलाची शिक्षिका. चौतीस वर्षं तिने छडीने नकाशातला निळा भाग दाखवला आणि निवृत्त झाली त्या आठवड्यात घरात जाहीर केलं, आता मी आत जाऊन बघणार आहे. पाण्याखाली एकट्याने जायचं नसतं, जोडीदार लागतो. बाबांना तर पुलावरून नदी पाहिली तरी गरगरायचं. उरली लेक. दोघी मिळून प्रशिक्षणाला जाऊ लागल्या, आणि साठीला टेकलेली आई माशासारखी पोहायला लागली.

लेकीचं मात्र तिसऱ्याच बुडीला बिनसलं. भाड्याचं जाकीट तिला एक माप मोठं होतं. सहा मीटर खाली गेल्यावर ते वर सरकून कानांपर्यंत आलं, समोरचं काही दिसेना, आणि घाबरून तिने सोडायच्या ऐवजी भरायचं बटण दाबलं. बाटलीच्या बुचासारखी ती वर फेकली गेली. वर येताना श्वास कोंडून धरला की फुप्फुसं फाटू शकतात, म्हणून शिक्षकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ती सगळा वेळ तोंडातल्या नळीत बोंबलत होती, त्यामुळे वाचली. आईला त्या वेळी यातलं काही कळलंच नाही, ती एका खेकड्याकडे बघत होती.

त्या दिवसापासून पाण्याचं नाव काढलं की तिचे हात थरथरायचे. दातांच्या डॉक्टरचे हात. आणि पाच आठवड्यांनी समुद्रातल्या शेवटच्या दोन बुड्या होत्या. आई रागावली असती तर भांडता तरी आलं असतं. पण आई म्हणाली, तुला जमेल तेव्हा ये, मी दुसरा जोडीदार बघते. ते वाक्य तिला रात्रंदिवस टोचत राहिलं. म्हणून ती स्वतःचं जाकीट घ्यायला आली होती. ते मिळालं तर ठीक, नाहीतर सरळ हात वर करायचे असं तिने ठरवलं होतं.

यातलं काहीच तिने कारागिराला सांगितलं नाही. सगळ्यांत चांगलं कुठलं, एवढंच विचारलं. त्यावर त्याने उलट तिलाच विचारायला सुरुवात केली. पाणी गार की कोमट, पाण्यातला रबरी पोशाख किती जाडीचा, खाली जायला कमरेला शिसं किती बांधता. एक जाकीट सगळ्या अंगाभोवती फुगतं आणि पाण्यावर माणसाला उभं धरतं, दुसरं नुसतं पाठीमागे फुगतं, पाण्याखाली छान आडवं ठेवतं पण वर आल्यावर तोंड पुढे ढकलतं. नवख्याला पहिलं बरं, असं त्याचं मत पडलं. पण विकायला तो तयार होईना. पोशाखावर घालून बघितल्याशिवाय माप खोटं, म्हणाला. पुढच्या रविवारी या.

ती आली. अंगाला घट्ट चिकटलेला काळा पोशाख घालून दुकानाच्या मधोमध उभं राहणं हे काही सोपं काम नव्हतं, पण तो तिच्याकडे एखाद्या झडपेकडे बघावं तसा गंभीरपणे बघत होता. जरा जास्तच गंभीरपणे, असं तिच्या मनात आलं. जाकीट पूर्ण फुगवून त्याने तिला खोल श्वास घ्यायला लावला, छाती आवळली जाते का ते पाहिलं. मग मागे उभं राहून खांद्यांचे दोन्ही पट्टे धरले आणि सरळ वर ओढले. पहिलं जाकीट कानांपर्यंत आलं. तिचा चेहरा उतरलेला त्याने आरशात पाहिला आणि लगेच ते उतरवून घेतलं. दुसरं छातीशी चुरगळलं. तिसऱ्याने मात्र जागा सोडली नाही. जाकिटाबरोबर तीच टाचांवर उचलली गेली.

"श्वास घ्या," तो मागून म्हणाला.

हे वाक्य ती स्वतः दिवसातून चाळीस वेळा लोकांना सांगायची. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तरीही तो जाकीट देईना. दुकानामागे चार मीटर खोलीचा तलाव होता, त्यात एकदा बघू म्हणाला. ती नाही म्हणाली. का, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने तोंड उघडलं आणि मग सगळंच सांगून टाकलं. कानापर्यंत आलेलं जाकीट, बटण, बोंब, आई, खेकडा.

घाबरण्यासारखं काय आहे त्यात, असं काहीतरी तो बोलेल असं तिला वाटलं होतं. तो तसलं काही बोलला नाही. जमिनीवर बसा, म्हणाला, डोळे मिटा आणि बटणं शोधा.

दोघं फरशीवर समोरासमोर बसली. तो भरा म्हणाला की तिने भरायचं, सोडा म्हणाला की सोडायचं. वीसदा, तीसदा, पन्नासदा.

"सोडा."

तिने चाचपडत बोट टेकवलं आणि दाबलं. काहीच झालं नाही.

"ते माझं बोट आहे," तो म्हणाला.

"मग काढा ना."

"तुम्ही दाबून धरलंय..."

तिने डोळे उघडले नाहीत. बोट मात्र हवं त्यापेक्षा थोडं उशिराच काढलं. त्या दिवशी घरी जाताना ती बसच्या दांडीवर बोटाने भरा-सोडा, भरा-सोडा करत होती, आणि शेजारचे गृहस्थ जरा सरकून बसले.

तिसऱ्या रविवारी ती तलावात उतरली. तो बरोबर होताच. पाणी निळसर आणि तळ इतका स्वच्छ की फरशीच्या फटी मोजता याव्यात. तिने हवा थोडी सोडली, खाली गेली. थोडी भरली, थांबली. जाकीट जागच्या जागी होतं. श्वास आत घेतला की ती बोटभर वर जायची, सोडला की तेवढीच खाली यायची, कुणी तळहातावर धरून झुलवावं तशी. आनंदाने ती त्याच्याकडे वळली... आणि बघते तर हा गालावर हात दाबून, डोळे आवळून, वर निघालेला.

ती त्याच्यामागून निघाली. हवा सोडत, हळूहळू, श्वास चालू ठेवत. वर पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण घाबरायला विसरलो.

तो काठावर बसून कान दुखतोय म्हणाला. पण हिचा धंदाच तो. कान दुखणारा माणूस जबड्यावर हात ठेवत नाही.

"मी दातांची डॉक्टर आहे. तोंड उघडा," ती म्हणाली.

त्याने ओठ आणखी घट्ट मिटले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठ महिने तो समुद्रात उतरला नव्हता. मालकांना त्याने कानाचं कारण सांगितलं होतं. खरं कारण खालची दाढ. तिच्यात पूर्वी भरलेल्या सिमेंटला फट पडली होती, आत अडकलेली हवा पाण्याच्या दाबाने अशी कळ काढायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आणि दाढ दाखवायला तो गेला नव्हता, कारण लहानपणापासून त्याला जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची. ती गोष्ट आता ओल्या केसांनी त्याच्या शेजारी बसली होती.

"म्हणजे लोकांना समुद्रात पाठवायचं आणि आपण कोरडे पाषाण," ती म्हणाली.

"पहिल्या दिवशीच कळलं असतं तुम्ही दातांच्या आहात, तर मागच्या दाराने पळालो असतो."

"आणि आता?"

"आता उशीर झाला," तो म्हणाला.

गुरुवारी दुपारी तो तिच्या दवाखान्यात आला. खुर्चीचे हात त्याने असे धरले होते की मदतनीस मावशींनी ते तुटतील म्हणून दोनदा पाहिलं. तिने घाई केली नाही. प्रत्येक हत्यार आधी हातात देऊन दाखवलं, कुठे नुसतं गार लागेल आणि कुठे आवाज होईल ते सांगितलं, आणि मधे एकदा अगदी त्याच्याच सुरात म्हणाली, श्वास घ्या. अर्ध्यात केव्हातरी त्याने तिच्या पांढऱ्या डगल्याचं टोक मुठीत धरलं. तिच्या ते लक्षात आलं. तिने सोडवलं नाही, तसंच काम पुरं केलं. सुजल्यासारख्या ओठांनी तो काहीबाही आभार मानून गेला, आणि मावशी ट्रे पुसता पुसता म्हणाल्या, या पेशंटचं पुन्हा यायचं लवकर ठेवा हं.

पण रविवारी ती दुकानात गेली तर तो नव्हता. काउंटरवरच्या मुलीने निळं जाकीट बांधून दिलं आणि सांगितलं की तो मालकांबरोबर समुद्रावर गेलाय, आठ महिन्यांनी पहिल्यांदा, निघताना गाणं म्हणत होता.

तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. तरी जाकिटाचा गठ्ठा घेऊन ती बसथांब्यावर बसली आणि दोन बस तिच्या समोरून गेल्या. मापाचं जाकीट मिळालं होतं. म्हणजे आता दुकानात यायचं कारण संपलं. या विचाराने आपण दोन बस घालवल्या, हे ध्यानात येऊन तिचं तिलाच हसू आलं. अगं बाई, ती मनात म्हणाली, हे आहे तर.

त्यानंतरच्या आठवड्यात तिने दोन पेशंटना चुकीच्या बाजूने कापूस चावून धरायला सांगितलं.

शेवटच्या बुड्यांच्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. आईबरोबर ती बोटीवर चढली तर टाक्यांच्या रांगेशी तो वाकून पट्टे तपासत होता. आई आधीच्या दिवशी पाण्यातल्या चष्म्याची पट्टी बदलायला दुकानात गेली होती म्हणे, आणि त्याला बोटीवर यायचं सांगून आली होती. मी शिक्षकांबरोबर उतरणार आहे, मला खडक बघायचेत आणि तू फार हळू असतेस, असं आईने लेकीला ऐकवलं. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, हिला सांभाळा, किंवा ती तुम्हाला सांभाळेल, काय ते आपसांत ठरवा. चौतीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईच्या नजरेतून काय सुटणार होतं.

दोघं पाण्यात उतरली. तिने नळी वर धरली आणि सोडायचं बटण दाबलं. तीन मीटर. चार. सहा मीटरवर तिने खूण करून त्याला थांबवलं. काळजीचं काही नव्हतं, तिला नुसतं तिथे थांबून बघायचं होतं. जाकीट जागेवर होतं, हात स्थिर होते, वरून उन्हाच्या तिरप्या रेघा येत होत्या. त्याने भुवया उंचावल्या. तिने ठीक आहे अशी खूण केली, आणि त्याच्या गालाकडे बोट दाखवलं. त्यानेही ठीक असल्याची खूण केली. मग दोघं आणखी खाली गेली, जिथे पिवळ्या माशांचा थवा एकदम वळायचा आणि दिसेनासा व्हायचा. लांब खडकाखाली आई टॉर्च घेऊन जवळजवळ उलटी लटकली होती.

वर आल्यावर दोघांनी जाकिटं फुगवली आणि लाटांवर डुलत बोटीची वाट बघत राहिली. बोट आधी आई आणि शिक्षकांना घ्यायला गेली होती. लाटेने दोघं वेगळी होऊ नयेत म्हणून त्याने तिचा हात धरला.

"त्या रविवारी मी तीन बुड्या मारल्या," तो म्हणाला. "किती दिवसांनी... सगळं होतं तिथे. आणि काही दिसलं की दाखवायला वळायचो, तर शेजारी मालक."

"वाईट वाटलं असेल मालकांना."

"ते म्हणाले, तू कुणाला शोधतोयस?"

एक लाट आली, दोघांना उचलून पुन्हा खाली ठेवून गेली.

"मला तुम्ही आवडता, डॉक्टर," तो म्हणाला. "नुसतं आवडता म्हणजे... बरंच. पेशंट म्हणून सांगत नाहीये."

खारं पाणी तिच्या ओठांवर होतं, पण बोलताना आवाज अजिबात कापला नाही.

"मी दोन बस सोडल्या," ती म्हणाली. "तू दुकानात नव्हतास त्या दिवशी. थांब्यावर नुसती बसून राहिले."

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याला बसचं काय ते कळलं की नाही कोण जाणे, पण 'तू' बरोबर कळला होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, आणि या वेळी त्याने ते जराही दाबलं नाही.

बोट वळून अगदी जवळ आली. आई कठड्याला रेलून, टॉवेलने केस पुसत दोघांकडे बघत होती. बोटीवाल्याने शिडी खाली सोडली आणि एकेकाने या म्हणाला. कुणीच हललं नाही.

"शिडीला दोन्ही हात लागतात," आई शांतपणे म्हणाली. "पण तुम्हाला घाई नसेल तर आम्ही आणखी एक फेरी मारून येतो."