दुसरी हाक

लाकूड जरा आत सारा आणि जवळ सरकून बसा. मागे काय बघता रे? मागे कोणी नाही.

ही गोष्ट इसरूची. माझ्यासोबत वाढलेला, एका ताटात जेवलेला माणूस. त्याला खोटं बोलणं जमलं असतं, तर जन्मभर तोंड लपवत जगावं लागलं नसतं.

साल छप्पन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची रात्र. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. इसरू आणि बिरजू मिशनचे प्रचारक, दोघांनाही नुकती मिसरूड फुटलेली. पायी गावोगाव फिरायचं, झाडाला चित्रांचा कपडा टांगायचा, खंजिरीवर भजन म्हणायचं, येशूची गोष्ट सांगायची, कोणाच्या पायाला जखम असली तर धुऊन बांधायची. कोणी ऐकायचं, कोणी अंगावर कुत्रं सोडायचं. मिशनच्या साहेबाचा एक नियम मात्र कडक होता: जोडी सोडायची नाही. जेवण सोबत, झोप सोबत, नाल्यावर जायचं तरी सोबत. इसरू बोलण्यात वस्ताद. बिरजू कमी बोलायचा, पिशवी तोच उचलायचा.

त्या दिवशी ते सूरजागडच्या पायथ्याशी, लालसूच्या घरी उतरले होते. पहाटेच गावानं सगळी ईडापीडा शिवेबाहेर नेऊन टाकली होती. तरी लालसूची पोरगी मंगली तापानं फणफणत होती. दुपारी सपरीत, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, चार माणसं जमली, तेव्हा लालसू म्हणाला, "भाऊ, आज राती कोनी हाक मारली तं पहिल्या हाकेले ओ देऊ नोका. बाहेर काढलेलं वापस येते. ते एकच हाक मारते. मानूस असन तं दुसरी मारन."

इसरूला उपदेशाला आयतं निमित्त सापडलं. तो हसला, गावालाही हसवलं. "भूत-गीत काई नसते, लालसूभाऊ. हाक आली का दार उघडाचं. देवावर भरवसा असन तं भेव कायचं?"

"तुमी उघडान?"

"मी? पहिल्याच हाकेले उघडीन!"

लालसूची बायको सोमारी पोरीला मांडीवर घेऊन ऐकत होती. तिनं ते ध्यानात ठेवलं.

दिवस कलायला लागला तसा ताप वाढला. पोरगी बरळू लागली. तापावरचं कुनैन नाल्यापलीकडे जंगलखात्याच्या बाबूकडे मिळायचं. नियमानं दोघांनी जायला हवं होतं. पण पावसाची झड लागलेली, चिखल पोटरीपर्यंत, आणि इसरूच्या पायाला फोड आलेला. फोड होता खरा, पण एवढाही नव्हता.

"तू जा," तो बिरजूला म्हणाला. "मी पोरीजवळ प्रार्थना करतो."

"जोडी सोडून?"

"लेकरू जळून राह्यलं, अन् तुले नियम दिसते काऊन?"

बिरजूनं पिशवी गळ्यात अडकवली. "वापस आलो का हाक देतो. लवकर उघडजो बाप्पा, भिजून येईन मी."

गेला.

ढोरं गावात आली. दिवे लागले. बिरजू आला नाही. लालसूनं दाराला आगळ घातली. पाऊस एकसारखा पडत होता. मंगलीचा श्वास भात्यासारखा चालला होता, आणि इसरू तिच्या उशाशी बसून प्रार्थना करत होता. मोठ्यानं. मग हळू. मग नुसतेच ओठ हलत राहिले.

मध्यरात्र उलटली असेल. पाऊस थोडा थांबला.

आणि सपरीतून हाक आली.

"इसरू..."

एकच. दमलेली. ओली.

इसरू उठला. आगळीवर हात ठेवला. आणि तो हात तिथंच राहिला.

सोमारी म्हणाली, "तुमचेच भाऊ आले. उघडा ना."

त्यानं दाराला कान लावला.

"भाऊ... लेकरू पाहा माहं. उघडा."

"थांब. दुसरी... दुसरी हाक येऊ दे," इसरू म्हणाला.

सोमारीनं त्याच्याकडे पाहिलं. ती भित्री बाई नव्हती, पण पोर मांडीवरून खाली ठेववेना. लालसू कोपऱ्यात बसून राहिला. पहिल्या हाकेला न उघडणं हा त्याचा तर धर्मच होता. पण इसरूचा?

बाहेर काही हललं नाही.

कोणी परत गेल्याचं वाजलं नाही.

दुसरी हाक...

आली नाही.

उजाडताना मात्र दोन हाका आल्या. "लालसू! ए लालसू!" गुराखी झिंगू होता. सांजेला ढोरं पुढे काढून तो मागे राहिला, नाल्याला पूर आला म्हणून रात्रभर पलीकडे अडकला, पाणी ओसरल्यावर आला. दारातूनच त्यानं सांगितलं, "तुमच्या घरचा तो भजनवाला... काल ढोरं परततानीच वाहून गेला. मी डोयानं पाह्यलं. खाली अर्जुनाच्या झाडाच्या मुळीत अटकून आहे."

आता ऐका. इसरूला पहिल्यांदा काय वाटलं असेल? रडू? नाही. सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे रात्री आला तो बिरजू नव्हताच! उघडलं नाही तेच बरं झालं! हे मनात आलं आणि त्याला स्वतःची एवढी लाज वाटली, की दारातच तो खाली बसला.

"मी आवाज ओयखला होता," तो मला सांगायचा. "थकला असन, दुसरी हाक माराले बळ नसन, हेई मनात आलं होतं. तरी नाई उघडलं मी. आता ते भूत होतं का मानूस, त्यानं माहं काय सुटते?"

मंगली जगली. सकाळी औषध पोटात गेलं, सांजेपर्यंत ताप उतरला. लालसूनं इसरूचे पाय धरले, म्हणाला, "तुमच्या देवानं वाचवली." सोमारी मात्र लांब उभी राहिली. इसरूनं त्यानंतर कधी उपदेश केला नाही, आणि त्याच्या घराच्या दाराला कधी आगळ लागली नाही.

काय म्हणता? औषध कुठून आलं?

झिंगू बोलत होता ना, तेव्हा सोमारीनं खाली वाकून उंबऱ्यालगतचं काहीतरी उचललं. कुनैनची पुडी होती. सपरी गळून गळून चिखल झालेली, रात्रभर झड...

पुडी कोरडी होती.