दुसरा डोळा द्वारकाबाईंचा

मोतीबिंदू हा शब्द आता फक्त शब्दकोड्यात भेटायचा. चाळिशी लागली की माणसं डोळ्यांत 'निवळी' घालायला लागत. पूर्वी गढूळ पाण्याच्या मडक्यात निवळीची बी उगाळून पाणी स्वच्छ करत, त्या बीचं नाव या थेंबांना मिळालं होतं. त्या थेंबांवर संशोधन करणाऱ्या डॉ. शलाका परुळेकरांनी पिकलेला मोतीबिंदू फक्त पुस्तकातच पाहिला होता. तसा सावंतवाडीतल्या विश्राम चितारींच्या डोळ्यांत आहे असं कळलं आणि त्या थेट त्यांच्या घरी पोचल्या.

"काका, डोळ्यातलं भिंग प्रथिनांचं असतं," त्या म्हणाल्या. "त्याचा गाभा आईच्या पोटात तयार होतो आणि जन्मभर तोच राहतो. इतकी वर्षं ती प्रथिनं दाटीवाटीनं, पण शिस्तीत राहून उजेडाला सरळ वाट देतात. मला तर त्यांचं फार कौतुक वाटतं. म्हातारपणी त्यांच्या गुठळ्या होतात आणि उजेड त्यांवर आपटून चहूकडे विखुरतो. पाण्यात दूध पडल्यासारखं सगळं धूसर होतं. भिंग पिवळंही पडतं, मग निळा रंग अडतो. निवळी गुठळ्या सोडवते. पण तुमच्या आता टणक व्हायला आल्यात. आणखी थांबलात तर आंधळे व्हाल. शस्त्रक्रिया करणारे हातसुद्धा आता उरलेले नाहीत."

विश्रामकाकांनी गंजिफांचा डबा पुढे सरकवला. खेळायचे गोल पत्ते, त्यांवर दहा अवतार. शस्त्रक्रियेला घाबरणाऱ्या द्वारकाबाईंनी, त्यांच्या दिवंगत पत्नीनं, दृष्टी अधू झाल्यावर रंगवलेला हा शेवटचा संच होता. तेव्हा निवळी निघालेली नव्हती. शलाकाबाईंना त्यातला निळा डोळ्यांत खुपला. द्वारकाबाईंचा हात बिघडला होता, असं गावातही सगळे म्हणत.

"तिका निळो कमी दिसायचो, म्हणान तिने जास्त घातलो," काका म्हणाले. "माका आता तिच्यासारख्यांच दिसता. ह्यो मत्स्याच्या पाठचो समुद्र बघ, बाय. असो समुद्र माझ्याशिवाय कोणाक दिसणा नाय."

शलाकाबाईंनी तसाच पिवळट, धूसर चष्मा करून पाहिला. त्यातून पत्त्यावरच्या समुद्राचा चिखल झालेला दिसला. इतक्या वर्षांत काकांच्या मेंदूनं त्या धुक्याशी जुळवून घेतलेलं असतं, ते त्या काचेत कुठून आणणार?

शेवटी काकाच म्हणाले, "एकाच डोळ्यात घाल. दुसरो तिचो."

उजवा डोळा आठवड्याभरात निवळला. काका काजूच्या पानांच्या शिरा बघत बसायचे, सुईत दोरा ओवून शेजारणींना दाखवायचे. त्यांचा तो आनंद बघून शलाकाबाईंना आपल्या कामाचा अभिमान वाटला.

दोन महिन्यांनी शलाकाबाई तपासायला आल्या तेव्हा काकांनी डबा उघडला, उजव्या डोळ्यावर तळवा धरला आणि मत्स्याचा पत्ता उचलला. तो त्यांनी डाव्या डोळ्याजवळ नेला, मग लांब धरला.

"चिखल दिसता," ते हळूच म्हणाले.

शलाकाबाईंना कारण कळलं. डोळे दोन असले तरी मेंदू एकच. स्वच्छ डोळ्याकडून तो रंग नव्यानं शिकला होता आणि जुनं धुकं वाचायचं विसरला होता. "माझी चूक झाली, काका. हे मला आधी सुचायला हवं होतं."

काकांनी डब्याचं झाकण लावलं आणि तो शलाकाबाईंच्या हातात दिला. "तू ठेव. तुझे डोळे पिकले की बघ."

शलाकाबाईंना पुढच्याच महिन्यात चाळीस वर्षं पूर्ण झाली. त्यांच्या नावची निवळीची बाटली अजून न उघडता पडून आहे. अधूनमधून त्या मत्स्याचा पत्ता काढून खिडकीपाशी नेतात. निळा अजून खुपतो, म्हणजे डोळे अजून पिकलेले नाहीत, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं.