पोटची आणि पदरची

"आई, माझं नाव शाळेतून काढायला तू सांगितलंस? तू?"

लुइझेतचा आवाज थरथरत होता. शुक्रवारच्या जेवणासाठी रवा चोळणारे तुर्कियाचे हात परातीतच थांबले... पण तिनं मान वर केली नाही.

"हो. मीच सांगितलं."

फ्रान्सच्या नव्या सरकारनं आपल्या वसाहतीतल्या कॉन्स्टँटीन शहरातल्या ज्यूंचं नागरिकत्व एका फटक्यात काढून घेतलं होतं. मागच्या लढाईत फ्रान्ससाठी पाय अधू करून घेतलेल्या एलियाहूची, तिच्या नवऱ्याची, पोस्टातली नोकरी गेली होती; आणि आता गदा आली होती लेकरांवर! "ज्यू मुली मोजक्याच ठेवायचा हुकूम आहे," मुख्याध्यापिका खालमानेनं म्हणाल्या होत्या, "तुमच्या दोघींपैकी एकच राहील. कोणती, ते तुम्हीच सांगा." आणि काळजावर दगड ठेवून तुर्कियानं नाव घेतलं होतं सिम्हाचं... नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या पोरक्या लेकीचं!

"मी तुझ्या पोटची ना गं?"

"पोटची आहेस म्हणूनच!"

लुइझेतनं त्या दिवसापासून आईशी अबोला धरला. एलियाहूही कडवटपणे म्हणाला, "सावत्र आई सावत्र पोरीला छळते, असं ऐकलं होतं. तू स्वतःच्याच लेकीचा गळा कापलास!"

सिम्हानं मात्र दप्तर आणून तिच्या पायाशी ठेवलं. "आई, मी नाही जाणार. तिच्या तोंडचा घास मला गिळवत नाही."

"जायचं!" तुर्किया कडाडली. "आणि तिथलं अक्षर न् अक्षर घरी आणायचं! त्यांनी दार लावलं म्हणून आपण काय आंधळं व्हायचं? एक जागा दिलीय ना? त्या एका जागेवर दोघी शिकाल!"

आणि खरंच, रोज दुपारी सिम्हा आली की स्वयंपाकघरात शाळा भरू लागली. शाळेतून काढलेल्या शेजारच्या पोरीही येऊन बसू लागल्या. एलियाहूनं आपणहून खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं, काळं रंगवलं आणि भिंतीला टेकवून फळा केला. लुइझेत सगळ्यांत मागे बसे, आईकडे पाठ करून...

एके दिवशी शेजारीण टोचून बोललीच, "काय गं, पोटची चुलीपाशी आणि परकी शाळेत? बरी आई तू!"

"परकी म्हणू नकोस!" तुर्किया तिच्याकडे वळली. "लुइझेत माझ्यावर चिडेल, भांडेल, तो तिचा हक्कच आहे. पण सिम्हा एक शब्द बोलली नसती गं... मुकाट्यानं घरी बसली असती, आणि जन्मभर मनात म्हणाली असती, माझी आई जिवंत असती तर! एकीचा राग मी सोसेन. दुसरीचं ते गप्प राहणं मला नाही सोसवणार!"

उंबऱ्यावर लुइझेत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मला अजून राग आहे," ती हुंदका दाबत म्हणाली.

"असू दे, बाळा. हवा तितका कर."

"पण तू माझं नाव घेतलं असतंस ना... तर त्या बाकावर बसून मला तुझी लाज वाटली असती!" आणि ती आईच्या गळ्यात पडली.

पुढं अमेरिकन सैन्य उतरलं. तरीही ज्यूंविरुद्धचे ते कायदे मागे घ्यायला सरकारनं कित्येक महिने लावले. अखेर शाळेचं दार उघडलं. "हिचं शिक्षण बुडालंय, खालच्या वर्गात बसवू," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"आधी विचारून तर बघा," लुइझेत ताठ मानेनं म्हणाली.

त्यांनी विचारलं. तिनं एकूण एक उत्तर दिलं... आणि ती सिम्हाच्या शेजारी जाऊन बसली.

तुर्किया एकटीच घराकडे निघाली. दरीवरच्या पुलाच्या मध्यावर, जिथं ओळखीचं कुणी नव्हतं, तिथं ती थांबली, आणि कठड्याला धरून पहिल्यांदाच पोटभर रडली.